युद्धकालीन समाजमाध्यमी मजकुराची पारख

युद्धकाळात फिरणाऱ्या संदेशांचा व चित्रफितींचा उगम, काळ, स्थळ आणि हेतू तपासण्याची पद्धत. उरण तालुक्यातील सिडकोच्या द्रोणागिरी नोडमध्ये तिची निकड अधिक, कारण शेजारीच जवाहरलाल नेहरू बंदर, ओएनजीसीचा प्रकल्प व नौदलाची ठाणी आहेत. सप्टेंबर २०१६ मध्ये उरी हल्ल्यानंतर उरणच्या शाळकरी मुलांनी सशस्त्र अनोळखी माणसे पाहिल्याचे सांगताच मोठी शोधमोहीम निघाली होती. ७ मे २०२५ च्या नागरी संरक्षण सरावातही मुंबई व तारापूरबरोबर उरण पहिल्या श्रेणीत होते.

त्याच आठवड्यात, भारत-पाकिस्तान संघर्ष सुरू असताना, गुजरातेतील हजिरा बंदरावर हल्ला झाल्याची चित्रफीत पसरली. पत्र सूचना कार्यालयाच्या पडताळणीत ती ७ जुलै २०२१ ची, तेलवाहू टँकरच्या स्फोटाची निघाली. दृश्य खरे, वरची ओळ तेवढी खोटी. अशा वेळी चित्रफीत थांबवून एक फ्रेम घ्यावी, ती प्रतिमाशोधात टाकून जुनी प्रत सापडते का ते पाहावे, मग पाट्यांची लिपी, क्रेन, किनारा ताडून घ्यावा. आपल्या बाजूला सुखावणारा दावा तपासणे सर्वांत अवघड जाते. कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या दाव्यासोबत फिलाडेल्फियातील विमान अपघाताची दृश्ये भारतात आनंदाने पुढे धाडली गेली.

खरा मजकूरही घातक ठरू शकतो. संरक्षण कारवायांचे थेट प्रक्षेपण टाळण्याची सूचना माहिती व प्रसारण मंत्रालयाने २६ एप्रिल २०२५ रोजी दिली. बंदरातील हालचालींच्या चित्रफितींनाही तोच विचार लागू पडतो.