गव्हाची सुगी आणि एक चित्रकार

शेतकऱ्याच्या श्रमाला युरोपच्या चित्रकलेंत मानाचें स्थान मिळालें तें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. फ्रान्समधील ज्याँ फ्रान्स्वा मिले ह्यानें बीं पेरणारा कुणबी, सरवा वेंचणाऱ्या गरीब स्त्रिया, असे विषय घेऊन त्यांना पुराणपुरुषांची थोरवी दिली. इंप्रेशनिस्ट चित्रकारांच्या मागून आलेल्या पिढींत हा वारसा ज्यानें चालविला, तो व्हिन्सेंट व्हान गॉग होय.

हॉलंडांतील एका धर्मोपदेशकाच्या घरीं १८५३ सालीं त्याचा जन्म झाला. स्वतः उपदेशक व्हावें म्हणून तो बेल्जममधील कोळशाच्या खाणींतील मजुरांत जाऊन राहिला. परंतु तें काम त्याच्या हातीं टिकलें नाहीं. १८८० मध्यें, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, त्यानें चित्रकलेचा मार्ग धरला. व्यासपीठ सुटलें, पण बायबलांतील पेरणीचा व कापणीचा दृष्टान्त मात्र मनांतून सुटला नाहीं.

१८८८ च्या फेब्रुवारींत तो दक्षिण फ्रान्समधील आर्ल ह्या गांवीं गेला. जूनमध्यें तेथें गव्हाची कापणी लागली. आठवड्याहून थोड्याच अधिक काळांत त्यानें सुगीचीं सुमारें दहा चित्रें रंगविलीं. अखेर मोठें वादळ आलें आणि सुगी व चित्रें दोन्हीं थांबलीं. ला क्रोच्या मैदानाचें त्यांतील चित्र आज अ‍ॅम्स्टरडॅम येथें आहे. पिवळें रान, मध्यभागीं एक निळी गाडी, गंजीला लावलेली शिडी आणि क्षितिजावर डोंगरांची रांग, असा त्याचा थाट आहे. भर उन्हांत, तोंडांतून शब्द न काढतां, हातचें काम संपविण्याच्या एकाच ध्यासानें राबणाऱ्या कापणीवाल्याशीं त्यानें स्वतःची तुलना केली, ती उगीच नव्हे.

त्याच वर्षाच्या अखेरीस त्याचें मन बिघडलें. १८८९ च्या मेमध्यें तो सॅं-रेमीच्या वेड्यांच्या इस्पितळांत आपण होऊन दाखल झाला. खोलीच्या गजांआडून भिंतीनें वेढलेलें गव्हाचें एक शेत दिसे. जूनमध्यें त्यानें तेथें विळा चालविणारा एक मनुष्य रंगविण्यास घेतला. मध्यें पुन्हां झटका आला. सप्टेंबरांत तो विषय त्यानें परत हातीं घेतला. आपला भाऊ थिओ ह्यास त्यानें कळविलें कीं, हा कापणारा म्हणजे मृत्यु व मानवजात म्हणजे त्याच्यापुढील गहूं. पूर्वीं रंगविलेल्या पेरणाऱ्याची ही दुसरी बाजू. परंतु ह्या मृत्यूंत खिन्नता नाहीं, कारण सर्व कांहीं लख्ख उजेडांत, सोन्यासारख्या उन्हांत चाललें आहे.

पुढील वर्षीं, २९ जुलै १८९० रोजीं, पॅरिसजवळील ओव्हेर येथें तो वारला. तेव्हां त्याचें वय अवघें सदतीस वर्षांचें होतें. व्यासपीठावरून जें त्याला सांगतां आलें नाहीं, तें ह्या शेतानें सांगितलें. त्या चित्रांत विळा धरलेली आकृति अगदीं लहान आहे. बहुतेक सारा पट गव्हानेंच व्यापला आहे.