संदर्भसूचीसाठी मुक्तस्रोत साधन

माणगाव तालुक्यातील लोणेरे येथे १९८९मध्ये स्थापन झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठासारख्या संस्थांत प्रबंध लिहिणाऱ्यांना असंख्य संदर्भांची जुळणी करावी लागते. मध्येच एक संदर्भ वाढला, की पुढचे सारे क्रमांक बदलतात. हे काम संगणकावर सोपविणारे ‘झोटेरो’ हे मुक्तस्रोत साधन अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात तयार होऊन २००६मध्ये उपलब्ध झाले. त्याची जोडप्रणाली ‘लिब्रेऑफिस’मध्येही बसविता येते.

अशा जोडप्रणालीत मजकुरातील प्रत्येक संदर्भामागे मूळ नोंदीची ओळख साठविलेली असते; त्यामुळेच क्रमांक आपोआप सुधारतात. लिब्रेऑफिसमध्ये ही ओळख ‘रेफरन्स मार्क’ या खुणेत राहते. मात्र फाइल ‘वर्ड’च्या स्वरूपात साठविल्यास ती टिकत नाही. मार्गदर्शक वर्ड वापरत असल्यास आरंभीच ‘बुकमार्क’ हा पर्याय निवडावा. त्यात तळटिपांतून संदर्भ देता येत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

मांडणीचे नियम ‘सीएसएल’ या खुल्या भाषेत स्वतंत्र फायलींत लिहिलेले असतात. ‘संपादक’, ‘पृष्ठ’ आदी शब्द भाषावार फायलींतून येतात. त्यामुळे मूळ प्रणालीला हात न लावता ‘संपा.’, ‘पृ.’ हे मराठी संक्षेप योजता येतात.