पडजीभ, पिंपरी आणि तिसरा बाजार

मूल घसा धरून बसलं की आमच्या घरात दखनीत म्हणत, ‘कव्वा गिरा’. शेजारच्या घरात म्हणत, ‘पडजीभ पडली’. शब्द दोन, इलाज एकच. गल्लीतली जाणती बाई अंगठ्याला मीठ लावून पोराच्या घशात घालायची आणि पडलेली पडजीभ ‘उचलायची’. पोर ओकायचं, रडायचं, आणि चार दिवसांत हुंदडायला लागायचं. बाईचं नाव व्हायचं. खरं तर तिनं काही केलं नसतं तरी बहुतेक पोरं बरी झालीच असती. मुलांची घसादुखी बहुतांशी विषाणूंमुळे येते आणि आपल्या पावलांनी निघून जाते. दहांतल्या दोन-तीन मुलांच्या घशात मात्र वेगळाच पाहुणा असतो. त्याचं नाव स्ट्रेप्टोकॉकस. आज बोलायचं आहे ते त्याच्याविषयी.

बारामती हे मोरोपंतांचं गाव. आपल्या आर्त हाकेला त्यांनी ‘केका’ म्हटलं, म्हणजे मोराचा टाहो. अशा गावात कवीनं कंठाविषयी बोलावं, हे तसं रीतीला धरूनच आहे. पण माझा विषय गाण्याचा कंठ नाही. बारामती-इंदापूरच्या दवाखान्यांत हिवाळ्याच्या रात्री आईच्या खांद्यावर मान टाकून आलेल्या पोराचा तापलेला, गिळता न येणारा घसा, हा माझा विषय आहे.

बिलरॉथ या शल्यविशारदानं १८७४ मध्ये साखळीसारखे ओळीनं बसलेले हे गोल जंतू पाहिले आणि त्यांना नाव दिलं. पुढे रेबेका लान्सफिल्ड या अमेरिकी बाईंनी १९३३ मध्ये त्यांचे गट पाडले आणि माणसाला छळणारा मुख्य गट ‘ए’ ठरला. घसा दुखवणं हा या जंतूचा लहानसा अपराध. मोठा अपराध तो गेल्यावर उघडकीला येतो. घसा बरा होतो, घरचे विसरून जातात, आणि दोन-तीन आठवड्यांनी मुलाचा गुडघा सुजतो. तो उतरतो न उतरतो तोच घोटा, मग मनगट. जंतूशी लढायला शरीरानं जे सैन्य उभं केलं, तेच आता घरच्यांवर उलटलेलं असतं. सांध्यांवर, आणि हृदयाच्या झडपांवर. हा आजार सांध्यांना नुसता चाटतो, पण काळजाला चावतो, असं डॉक्टर मंडळी पिढ्यान् पिढ्या शिकवत आली आहेत. सांध्यांची सूज उतरते. झडपेवरचा व्रण राहतो. घसा पुन्हा धरला की आजार पुन्हा उलटतो आणि झडप आणखी आकसते.

घसा आणि हृदय यांचं हे नातं १९३१ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये कोबर्न आणि लंडनमध्ये कॉलिस यांनी पक्कं केलं. आपल्याकडची तऱ्हा आणखी वाईट होती. पाश्चात्त्य देशांत झडप आकसायला वीस-वीस वर्षं लागत. दिल्लीच्या एम्समधील डॉ. सुजय रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, की भारतात विशीच्या आतल्या मुलांच्याही झडपा पार आकसलेल्या सापडतात. मुंबईच्या केईएममध्ये १९५० च्या दशकात अशा झडपा बोटानं मोकळ्या करण्याच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या होत्या. धडधडत्या हृदयात बोट घालायचं आणि चिकटलेले पडदे सोडवायचे. ऐकतानाही अंगावर काटा येतो.

मग घसा वारंवार का धरतो आणि त्यावर करायचं काय? एके काळी उत्तर सोपं होतं, टॉन्सिल काढा. १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या एक हजार शाळकरी मुलांची पाहणी झाली. ६११ मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेल्यांना डॉक्टरांकडे पाठवलं, तर त्यांनी १७४ जणांचे काढा म्हटलं. ज्यांना नको म्हटलं त्यांना दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी आणखी ९९ निवडले. तिसऱ्यांनी ५१. हजारांतली ६५ मुलं सुटली. चौथा डॉक्टर असता तर तीही अर्धीअधिक गेली असती! १९८४ मध्ये पिट्सबर्गच्या डॉ. पॅराडाइज यांनी मोजमाप घातलं. वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं पाच-पाच वेळा, किंवा तीन वर्षं तीन-तीन वेळा, तेही नीट नोंदवलेला घसा धरला असेल, तरच त्या शस्त्रक्रियेचा विचार करावा. आजही हाच आकडा धरून चालतात.

खरं उत्तर बुरशीतून आलं. १९२८ मधलं फ्लेमिंगचं पेनिसिलिन सगळ्यांना माहीत आहे, ते पुन्हा सांगत नाही. १९५० च्या सुमारास अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातल्या वॉरन तळावर जे झालं, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. तिथं बराकींत खाटेला खाट लावून जवान झोपत आणि घशाची साथ हटत नसे. डॉक्टरांनी घसा धरलेल्या सुमारे आठशे जवानांना पेनिसिलिन दिलं, तेवढ्याच जवानांना दिलं नाही. न दिलेल्यांपैकी सतरा जणांना तो सांध्यांचा ताप आला, दिलेल्यांपैकी दोघांना. पुढे असंही दिसलं, की घसा धरल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू केलं तरी हृदय वाचतं. नऊ दिवस म्हणजे पुष्कळ सवड झाली. आणि हा जंतू इतका सरळमार्गी, की एवढ्या वर्षांनंतरही तो साध्या पेनिसिलिनला दाद देतो.

अट एकच, पोटातून औषध द्यायचं तर ते दहा दिवस द्यायचं. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, पोर खेळायला पळतं, आणि उरलेली पट्टी फळीवर जाते, धाकट्याचा घसा धरेल तेव्हासाठी. घसा वारंवार धरण्याच्या कितीतरी गोष्टी त्या फळीवर सुरू होतात. कधी जंतू अर्धमेला होऊन पुन्हा उठतो. कधी भावंडाकडून नव्यानं येतो. कधी तो घशात निवांत बसलेला असतो आणि दुखणं भलत्याच विषाणूचं असतं. मग बिचाऱ्या जंतूवर उगाच औषधांचा मारा होतो. हे ओळखायला घशातला कापसाचा बोळा तपासावा लागतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नुसता बॅटरीचा उजेड पाडून निर्णय होतो.

हे औषध आपल्याच जिल्ह्यात बनत होतं, याचा आता विसर पडला आहे. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक मेजर जनरल साहिबसिंग सोखी यांनी देशी पेनिसिलिनचा ध्यास घेतला होता. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली आणि पुढच्या वर्षी पेनिसिलिन बाहेर पडू लागलं. पिंपरी-चिंचवडच्या कारखानदारीची सुरुवात तिथूनच मानतात. १९९० च्या दशकात बाहेरचं, विशेषतः चीनचं, स्वस्त पेनिसिलिन आलं. पिंपरीचा कारखाना आजारी पडला. पुढे देशात पेनिसिलिन-जी बनणंच जवळजवळ थांबलं. २०२४ मध्ये आंध्र प्रदेशात काकीनाड्याजवळ ते पुन्हा सुरू झालं.

बुरशीलाही वाढायला साखर लागते, आणि आमचा मुलूख तर साखरेचाच. नीरा डाव्या कालव्याचं पाणी १८८० च्या दशकात आलं. १९३० च्या दशकात वालचंदनगरला साखर निघू लागली, मग माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर. दिवाळीच्या आसपास बीड-नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि कारखान्यांभोवती कोप्या उभ्या राहतात. पाचट, बांबू, वर प्लॅस्टिकचा कागद. आत आई-बाप, तीन-चार मुलं, एक चूल. थंडीत दार लावून सगळी एकमेकांना बिलगून झोपतात. वॉरन तळावरच्या बराकी आठवा. फरक एवढाच, की तिथं डॉक्टर मुक्कामाला होते. कारखान्याच्या काट्यावर उसाची प्रत्येक गाडी किलोपर्यंत मोजली जाते. कोप्यांमधली मुलं त्या काटेकोरपणानं मोजलेली मला अजून दिसायची आहेत.

दोन हंगामांपूर्वी भवानीनगरच्या बाजूला अशाच एका कोपीत दहा-अकरा वर्षांची मुलगी पाहिली. तिचे सांधे दुखत, तेव्हा घरच्यांना वाटलं, चालून चालून दुखत असतील. गावाकडच्या शाळेत तपासणीचं पथक आलं, डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि त्यांना झडपेतून निसटणाऱ्या रक्ताचा आवाज ऐकू आला. लहान मुलांच्या तपासणीचा तो सरकारी कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे आणि त्याच्या यादीत हा आजार आहे, हे तिचं नशीब. तेव्हापासून दर एकवीस दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन. पांढरं, दाट, सुईत अडकणारं, दुखणारं. घसा पुन्हा धरूच नये म्हणून हा पहारा. झडप बिघडली नसेल तर किमान पाच वर्षं किंवा अठरा वर्षांची होईपर्यंत, यांपैकी जे लांबेल तोवर. बिघडली असेल तर पंचविशीपर्यंत, कधी जन्मभर.

तिची आई कोपीच्या बांबूला खोचलेली प्लॅस्टिकची पिशवी काढून कार्ड दाखवत होती. तारखांची रांग नीट चालली होती आणि मध्येच दोन महिने कोरे. तो टोळी गावाहून निघण्याचा आणि इथं स्थिरावण्याचा काळ. पुन्हा हंगाम संपताना तसंच कोरं. इथल्या दवाखान्यात गेलं तर ‘गावाकडचा कागद आणा’, आणि पेनिसिलिनच्या रिअॅक्शनची धास्ती म्हणून खासगीत कुणी टोचायला धजत नाही. धास्ती अगदीच खोटी नाही, पण तसा धोका फार क्वचित. न टोचण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा. शिवाय दवाखान्यात जायचं म्हणजे खाडा. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकानं दांडी मारली की दोघांची मजुरी बुडते आणि डोक्यावरची उचल तशीच राहते.

मी विचारलं, एकवीस दिवस ध्यानात कसे राहतात? कॅलेंडर कुठं दिसत नव्हतं. ती म्हणाली, ‘‘दर तिसऱ्या बाजाराला, भाऊ.’’ आठवडी बाजार तसाही चुकत नाही, त्या दिवशी खर्ची मिळते, मीठ-मिरची आणायला कुणीतरी जातंच. उपकेंद्रातल्या सिस्टरनीच तिला हे गणित घालून दिलं होतं. गावी परतल्यावर बाजाराचा वार बदलतो आणि तिथं घोटाळा व्हायचा, हेही त्यांच्या लक्षात आलं होतं. म्हणून त्यांनी कार्डाच्या मागच्या बाजूला निळ्या शाईनं दोन ओळी लिहून दिल्या होत्या. पहिल्या ओळीत इथला बाजार आणि इथलं उपकेंद्र, दुसऱ्या ओळीत गावाकडचा बाजार आणि गावाकडचं.