देवळालीचा निकाल आणि पालकांची निवड

जून महिना जवळ आला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते : मुलाला कोणत्या शाळेत घालावयाचे? आसगाव-पवनीकडील पालकांपुढे हा प्रश्न अधिकच बिकट असतो. मुलाला पुढील शिक्षणासाठी भंडारा अथवा नागपूरसारख्या शहरी पाठवावयाचे; तेथे शाळा अनेक, माध्यमे अनेक आणि आपल्याजवळ माहिती मात्र तुटपुंजी. अशा वेळी 'तेथे शिकवितात कसे?' हा प्रश्न मागे पडतो व 'तेथे आपली मुले किती?' हा प्रश्न पुढे येतो. हा प्रश्न फक्त मुसलमान पालकच विचारतात असे नव्हे. सर्व समाजांतील पालक तो विचारतात, कोणी उघडपणे तर कोणी मनातल्या मनात. या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. तो पालकांसमोर ठेवावा, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच.

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. धारवाड त्या वेळी मुंबई इलाख्यात होते. मुलाला नकार मिळाला, म्हणून त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. न्याय त्याच्या बाजूने आहे हे सरकारला दिसत होते; परंतु त्याला घेतल्यास इतर लोक आपली मुले पाठविणार नाहीत आणि शाळाच निरुपयोगी होईल, या विचाराने सरकारने हात आखडता घेतला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. दार सरकारने बंद ठेवले हे खरे, पण ते इतर पालकांच्या धाकाने! शाळेच्या दाराला असे दोन हात असतात, एक सरकारचा व दुसरा पालकांचा.

यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, स्वतंत्र भारतात, दुसरे प्रकरण घडले. नाशिकजवळ देवळाली येथे बार्न्स हायस्कूल आहे. ते चालविणारी बॉम्बे एज्युकेशन सोसायटी १८१५ साली स्थापन झालेली. शाळेचे माध्यम इंग्रजी. ६ जानेवारी १९५४ रोजी मुंबई सरकारने असा आदेश काढला की, अँग्लो-इंडियन व आशियाई वंशाचे नसलेले नागरिक यांच्याखेरीज कोणाही विद्यार्थ्याला इंग्रजी माध्यमाच्या वर्गात नव्याने प्रवेश देऊ नये. देशी भाषांना उत्तेजन देण्याचा सरकारचा उद्देश होता आणि तो वाईट म्हणता येणार नाही. परंतु परिणाम असा झाला की, मुलाने कोणत्या वर्गात बसावे हे त्याच्या वंशावरून ठरू लागले. एका भारतीय ख्रिस्ती गृहस्थाच्या मुलीला व एका गुजराती हिंदू डॉक्टरांच्या मुलाला या शाळेत प्रवेश नाकारण्यात आला. संस्था आणि हे पालक उच्च न्यायालयात गेले.

तेथे मुख्य न्यायाधीश होते महंमद करीम छगला. तेच पुढे १९६३ ते १९६६ या काळात केंद्रीय शिक्षणमंत्री झाले. छगला व दीक्षित या न्यायमूर्तींनी १५ फेब्रुवारी १९५४ रोजी निकाल पालकांच्या बाजूने दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. २६ मे १९५४ रोजी तेथेही तोच निकाल कायम झाला. न्यायमूर्ती एस. आर. दास यांच्या निकालपत्राचा आशय असा : सरकारचा हेतू कितीही चांगला असो, पाहावयाचे ते हे की मुलाला प्रवेश कोणत्या कारणाने नाकारला गेला. घटनेच्या २९ व्या कलमाने, सरकारी अथवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत केवळ धर्म, वंश, जात वा भाषा या कारणांवरून कोणाही नागरिकाला प्रवेश नाकारण्यास मनाई केली आहे. शिवाय अँग्लो-इंडियन शाळांना मिळणाऱ्या खास अनुदानाची अटच अशी होती की, वार्षिक प्रवेशांपैकी किमान ४० टक्के जागा इतर समाजांसाठी खुल्या असाव्यात. सरकारचा आदेश पाळावा तर ही अट मोडत होती.

योगायोग असा की, या निकालाच्या अवघ्या नऊ दिवस आधी, १७ मे १९५४ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या व गोऱ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरविल्या. १९५७ साली लिटल रॉक शहरातील हायस्कूलमध्ये नऊ काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश मिळावा म्हणून अध्यक्ष आयझेनहॉवर यांना सैन्य पाठवावे लागले. कायदा जिंकला. पण पुढे काय झाले? डेट्रॉइटसारख्या शहरांतून गोरी कुटुंबे मोठ्या संख्येने उपनगरांत राहावयास गेली आणि शहरातील शाळांत प्रामुख्याने काळी मुले उरली. १९७४ साली न्यायालयानेही उपनगरांच्या शाळांना या योजनेत ओढण्यास नकार दिला. सरकारचा हात दारावरून निघाला होता, पालकांचा निघाला नव्हता!

हा इतिहास आपल्याला काय शिकवितो? आपल्या समाजाच्या वेगळ्या शाळा नसाव्यात, असे मुळीच नव्हे. बद्रुद्दीन तय्यबजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ साली मुंबईत अंजुमन-इ-इस्लाम स्थापन केली आणि १९०६ साली शाहू महाराजांच्या पुढाकाराने कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग निघाले, तेव्हा समाज शिक्षणात फार मागे होता. त्या संस्थांनी असंख्य मुलांना हात दिला. घटनेच्या ३० व्या कलमाने तो हक्क आपणास दिलाच आहे. मात्र हेच दास १९५८ साली सरन्यायाधीश असताना न्यायालयाने असेही मत दिले की, बाहेरची काही मुले घेतल्याने अल्पसंख्याकांच्या संस्थेचे स्वरूप बिघडत नाही. तेव्हा आपली शाळा अशी असावी की शेजारच्या हिंदू व बौद्ध पालकांनाही आपले मूल तेथे घालावेसे वाटेल.

पालकांच्या मनातील भीतीही खोटी नाही. परक्या वातावरणात मूल एकटे पडेल, कोणी नावावरून टोचून बोलेल, मुलीला लांब कसे पाठवावे, या काळज्या खऱ्या आहेत. त्यांवर उपाय म्हणजे शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटणे, पालकसभेत बसणे, आपल्या गावची दोन-चार मुले मिळून एकत्र पाठविणे. शाळेबद्दल नुसते ऐकून दूर राहणे हा उपाय नव्हे. गणित व विज्ञानाचे शिक्षक पूर्ण आहेत का, प्रयोगशाळेला कुलूप तर नाही ना, मुलींसाठी सोयी आहेत का, उर्दू शिकणाऱ्या मुलाला मराठी चांगली येईल का, मराठी शाळेतील मुलाची उर्दू घरी कोण सांभाळील, हे प्रश्न आधी विचारावेत. 'आपली मुले किती?' हा प्रश्न अवश्य विचारावा, पण सर्वांत शेवटी.

इल्म हासिल करणे आपल्या दीनने फर्ज मानले आहे, आणि ते अमक्याच लोकांच्या शेजारी बसून घ्यावे असे कोठे सांगितलेले नाही. १९५४ साली दोन पालकांनी न्यायालयात जाऊन जो हक्क मिळविला, तो येत्या जूनमध्ये आपल्या हाती आहे. विद्यार्थी मित्रांनीही आपल्या आई-वडिलांना हा इतिहास वाचून दाखवावा, ही विनंती.