आठवड्याच्या भजनाचं कूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. भजनाचं कूळ मात्र शोधायला हवं. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात किंवा आसपासच्या कुठल्याही गावात एखाद्या म्हाताऱ्या टाळकऱ्याला विचारा, की देवळातलं आठवड्याचं भजन कधीपासून चालू आहे. 'पूर्वापार' हेच उत्तर येईल. खर्ड्याच्या लढाईची तारीख शाळकरी पोरंसुद्धा सांगतात: ११ मार्च १७९५. निजाम अलीने हार खाऊन खर्ड्याच्या किल्ल्यात आसरा घेतला, हेही सांगतात. भजनाची तारीख कुणी विचारत नाही. पण त्यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीला सुरुवात आहे, आणि पुष्कळ सुरुवातींना माणसाचं नाव आहे.

आधी भजनात काय चालतं ते पाहू. दत्ताचं भजन गुरुवारी, मारुतीचं शनिवारी, महादेवाचं सोमवारी, विठ्ठलाचं एकादशीला. वेळ रात्रीची, धारा काढून झाल्या, जेवणं उरकली की. सतरंजी अंथरली जाते, खुंटीवरचे टाळ उतरतात, पखवाजाच्या डाव्या पुडीला भिजवलेली कणीक लावून नाद जुळवला जातो. वीणेकरी मधे उभा राहतो आणि जयघोषानंतर रूपाचे अभंग सुरू होतात. एकजण चाल धरतो, बाकीचे झील देतात, म्हणजे धृपद उचलून त्याच्याकडे परत पाठवतात. पुढे गवळण, एखादं भारूड, शेवटी आरती आणि पसायदान. कुणाला मानधन नाही, प्रवेशाची परीक्षा नाही. ज्याच्या हातात टाळ आला तो गाणारा. दिवाळीनंतर या भागातले मजूर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, तेव्हा निम्मी झील गावाबाहेर असते. तरी उरलेल्या चौघांवर भजन होतं. दर आठवड्याला वेळेवर हजर राहणं हीच याची खरी साधना आहे, असं मला वाटतं. सूर त्यानंतर.

या रचनेचा सगळ्यात जुना थर तेराव्या शतकातला. याच जिल्ह्यात नेवाशाला १२९० साली ज्ञानेश्वरी सांगून झाली. पण ज्ञानेश्वरी सांगायला वक्ता लागतो, ऐकायला श्रोते. टाळ हाती घेऊन सगळ्यांनी मिळून गायचं, ही चाल रूढ करण्यात मोठा वाटा नामदेवांचा. ते शिंपी. त्यांच्याभोवती जमलेली नावं पाहा: गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, चोखामेळा, दासी जनाबाई. जवळजवळ प्रत्येकाच्या नावाला धंदा किंवा चाकरी चिकटलेली. दिवसभर हात कामात असलेल्या माणसांनी हा प्रकार घडवला, म्हणून तो रात्री होतो आणि म्हणून त्याला तालमीपेक्षा हजेरी जास्त लागते.

याच रांगेत सेना न्हावी. परंपरा त्याला बांधवगडच्या राजाचा न्हावी मानते. राजाचं बोलावणं आलं तेव्हा सेना पूजेत होता, म्हणून देवच धोकटी घेऊन राजाची हजामत करायला गेला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. उत्तरेत त्याला रामानंदांच्या शिष्यांत धरतात, शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात सेन भगताच्या नावाने एक पद आहे, आणि आपल्याकडे त्याचे मराठी अभंग गायले जातात. आपल्याच धंद्यातला आरसा आणि चिमटा उचलून त्याने त्यांना विवेक आणि वैराग्य यांच्या जागी बसवलं. श्रावण वद्य द्वादशीला त्याची पुण्यतिथी नाभिक समाज गावोगाव भजनाने साजरी करतो.

न्हावी आणि गाणं यांचं नातं आपल्यापुरतं नाही. शेजारच्या तेलंगणात हजामत करणारा मंगली समाज सनईही वाजवतो. सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या न्हाव्याच्या दुकानात भिंतीवर तंतुवाद्य टांगलेलं असे. नंबर येईपर्यंत गिऱ्हाइकाने ते छेडत बसायचं. अमेरिकेत तर न्हाव्याच्या दुकानावरून एका गायनप्रकाराला नाव पडलं: बार्बरशॉप. चार आवाज, वाद्य एकही नाही. मुख्य चाल दुसऱ्या आवाजात, तिच्या वर एक बारीक आवाज, खाली खर्ज, आणि चौथा उरलेली फट भरतो. चौघांचे स्वर चोख बसले की कुणीच न गायलेला पाचवा नाद हवेत उमटतो, आणि त्या नादासाठी माणसं आठवड्यातली एक संध्याकाळ राखून ठेवतात. आपलं भजन याच्या उलट बाजूने जातं. इथे सगळे एकच चाल गातात. कुणी अर्धी मात्रा आधी, कुणी मागून, कुणी वरच्या सप्तकात. भराव येतो तो काशाच्या टाळांचा. पण दोन्हीकडचा माणूस एकच आहे: दिवसभर काम करून संध्याकाळी फुकट गायला येणारा.

बार्बरशॉपचं कूळही असंच झाकलेलं होतं. ११ एप्रिल १९३८ ला ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात ओ. सी. कॅश आणि रूपर्ट हॉल यांनी ही गाणी जपण्यासाठी संस्था काढली, आणि पुढे कित्येक वर्षं तो जुन्या गोऱ्या अमेरिकेचा ठेवा मानला गेला. प्रत्यक्षात हे गाणं काळ्या वस्त्यांतल्या न्हाव्याच्या दुकानांत आणि रस्त्यांच्या कोपऱ्यांवर वाढलं होतं. लुई आर्मस्ट्राँग पोरवयात न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावर अशाच चौकडीत गात असे. लिन ॲबट या अभ्यासकाने १९९२ मध्ये याचे पुरावे मांडले. मधल्या काळात काय झालं होतं? १९४१ साली न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनावरच्या काळ्या हमालांच्या चौकडीने शहराची स्पर्धा जिंकली, आणि राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना उभं राहू दिलं नाही. माजी गव्हर्नर अल स्मिथ आणि रॉबर्ट मोझेस यांनी निषेध म्हणून संस्थेचा राजीनामा दिला. तरी काळ्यांना सभासद करून घ्यायला १९६३ उजाडलं, बायकांना २०१८. ज्यांनी गाणं घडवलं त्यांनाच गाणाऱ्यांच्या कड्याबाहेर उभं केलं गेलं.

ही गोष्ट लांबची वाटते का? चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर आहे. त्यांचा अभंग आत गायला जाई आणि त्यांची माणसं बाहेर उभी असत. ते दार उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण करावं लागलं.

पुन्हा भजनाच्या वाटेवर येऊ. पुढचा थर तुकोबांचा. त्यांच्या मागे उभे राहणारे चौदा टाळकरी प्रसिद्ध आहेत. त्यांत गंगाजी मवाळ ब्राह्मण, तर चाकणचे संताजी जगनाडे तेली. दोघे अभंग लिहूनही घेत. चाल धरणारा एक आणि मागे धृपद उचलणारे अनेक, हे भजनी मंडळाचं आजचं चित्र इथे पुरेपूर दिसतं. १६८५ मध्ये तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी देहूहून पालखी सुरू केली. आणि मग हैबतबाबा आरफळकर आले, ज्यांचं नाव आपण फार कमी घेतो. हे सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, शिंद्यांच्या पदरी राहिलेले. म्हणजे खर्ड्याच्या रणात ज्यांच्या फौजा उभ्या होत्या त्याच घराण्याचे नोकर. १८३२ च्या सुमारास त्यांनी आळंदीहून ज्ञानोबांची पालखी स्वतंत्रपणे न्यायला सुरुवात केली, आणि लष्करात पाहिलेली शिस्त वारीला लावली. रथापुढच्या दिंड्या, रथामागच्या दिंड्या, त्यांचे क्रम, कोणत्या वेळी कोणते अभंग. आज गावातलं भजन जयघोषापासून पसायदानापर्यंत ठरलेल्या पायऱ्यांनी जातं, त्या शिस्तीमागे बरंचसं ऋण हैबतबाबांचं आहे. सरदारी सोडलेल्या माणसाची ही कामगिरी मला लढायांपेक्षा टिकाऊ वाटते.

खर्ड्याला या वारीचा स्पर्श थेट आहे. पैठणहून निघणारी एकनाथ महाराजांची पालखी आषाढी वारीत बीड जिल्हा ओलांडून खर्ड्यात उतरते आणि पुढे परांड्याकडे जाते. पालखीचा मुक्काम म्हणजे गावच्या मंडळासाठी वर्षाची शाळा. रात्री बाहेरचे टाळकरी गातात, गावचे ऐकतात, एखादी नवी चाल गावात राहून जाते. भारूडं तर नाथांचीच. छापील वही येण्याआधी चाली अशाच पायी फिरल्या. दुसरी शाळा अखंड हरिनाम सप्ताहाची. सात दिवस पारायण, हरिपाठ, कीर्तन, जागर, शेवटी काल्याचं कीर्तन. त्यात पोरगा टाळ धरायला शिकतो तो कायमचा. आणि तिसरी शाळा खरोखरची: विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली आळंदीत काढलेली वारकरी शिक्षण संस्था. तिथून शिकून आलेले गायक, मृदंगवादक नि कीर्तनकार गावोगाव पांगले, आणि पाठांतराला, चालींना एक वळण मिळालं.

पेटीबद्दल मुद्दाम सांगतो, कारण आज पेटीशिवाय बैठकीचं भजन कुणाला सुचत नाही. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसच्या अलेक्झांद्र दबॅंने १८४२ मध्ये घेतलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी ती मांडी घालून हाताने वाजवता येईल अशी केली. आकाशवाणीने १९४० ते १९७१ तिला दारात उभं केलं नाही, कारण तिचे पक्के स्वर आपल्या श्रुतींना पुरत नाहीत. भजनी मंडळांनी मात्र तिला कधीच घरात घेतलं होतं. शिकलेला गळा नसलेल्या माणसाला सूर दाखवणारं असं दुसरं वाद्य नव्हतं. पालखीच्या वाटेवर चालणाऱ्या दिंडीत मात्र आजही वीणा, टाळ आणि मृदंग.

मुंबईने या गाण्याला आणखी एक आयुष्य दिलं. गिरणगावातल्या चाळींत आणि खोल्यांत पाळी संपवून आलेल्या कामगारांनी आपापल्या गावाची मंडळं उभी केली. कोकणातल्या मंडळींनी दोन बुवांच्या चढाओढीची डबलबारी रंगवली. आणि लोकलच्या डब्यात ठरलेल्या गाडीला, ठरलेल्या जागी उभं राहून टाळ वाजवत ऑफिसला जाणारी मंडळं तर जगात दुसरीकडे सापडायची नाहीत. विदर्भात तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर भजन बांधलं, १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज काढला आणि सामुदायिक प्रार्थनेची सवय गावांना लावली. पुढे भीमसेन जोशींच्या 'संतवाणी'ने अभंग मैफलीत आणला. त्याचा मोठा फायदा झाला, एक तोटाही झाला. रेडिओवरची एक चाल गावोगाव गेली, आणि त्या त्या गावाच्या दहा चाली मागे पडल्या. आज मोबाइल हेच काम कैकपटीने करतो.

म्हणजे 'पूर्वापार' या उत्तरात किती हात दडलेत पाहा: शिंपी, न्हावी, तेली, शिंद्यांचा सरदार, पॅरिसचा कारागीर, गिरणीतला साचेवाला. प्रत्येकाने आपल्या काळात काहीतरी नवं आत आणलं आणि ते लोकांनी स्वीकारलं. परंपरेच्या नावाखाली कुणाला अडवणाऱ्यांनी ही यादी एकदा वाचावी.

कारण अडवणं संपलेलं नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये याच खर्ड्यात शाळेत शिकणाऱ्या एका दलित मुलाची हत्या झाली. २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. भजनाचा त्या घटनेशी संबंध नाही, असं कुणी म्हणेल. मला संबंध दिसतो. जे गाव आठवड्याला चोखोबांचा अभंग म्हणतं, त्या गावाला या प्रश्नापासून अंग चोरता येत नाही. टाळ धरणाऱ्यांच्या कड्यात गावातली कोणकोणती आळी उभी आहे, हा प्रश्न खर्ड्यापुरता नाही. तो माझ्या गावाला आहे, तुमच्या गावालाही आहे. बायकांच्या बाबतीत गेल्या काही दशकांत चित्र हललं. महिला भजनी मंडळं उभी राहिली, बायका पखवाज वाजवू लागल्या, आणि पुष्कळ गावांत पुरुषांचं मंडळ थकलेलं असताना आठवड्याचं भजन त्यांच्या जिवावर चालू आहे. जनाबाईंच्या नंतर सातशे वर्षांनी का होईना.

तेव्हा वाचकांना दोन विनंत्या. तुमच्या गावातला सगळ्यात जुना टाळकरी अजून गात असेल तर त्याच्या चाली मोबाइलवर उतरवून घ्या, आणि प्रत्येक चालीबरोबर ती त्याने कोणाकडून, कोणत्या गावी घेतली हे त्याच्याच तोंडून वदवून घ्या. या कुळाचे कागद दुसरीकडे कुठेही नाहीत. आणि पुढच्या भजनाला जाताना टाळांचे दोन जोड जास्तीचे न्या, आजवर ज्या आळीत कुणी बोलवायला गेलं नाही तिथे स्वतः जाऊन निरोप द्या.