सोबत की ऐवजी? आपल्या टेक्निकल विभागामागचा इतिहास

स्मरणिका समितीने टेक्निकल विभागावर लेख मागितला, तेव्हा त्यांची अपेक्षा आठवणींची होती. आठवणी या अंकात पुष्कळ असतील, म्हणून मी थोडा इतिहास लिहिते. मैदानाच्या कडेची आपली पत्र्याची कार्यशाळा कुणाच्या लहरीने उभी राहिली नव्हती. शाळेतल्या मुलांना अभ्यासासोबत हाताचे कामही शिकवावे का, हा वाद आपल्या देशात सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. यंदाच्या मेळाव्यात त्या बंद खोलीचे काय करायचे हे ठरणार आहे. त्याआधी ती कुठून आली हे माहीत असलेले बरे.

१८८२ साली नेमलेल्या हंटर आयोगाने माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांत दोन वाटा सुचवल्या. एक विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेकडे नेणारी आणि दुसरी व्यापार व व्यवहाराला उपयोगी पडणारी. दुसऱ्या वाटेने फार थोडे गेले. त्याचे कारण सोपे होते. सरकारी नोकरी आणि कॉलेज दोन्ही पहिल्या वाटेवर होते. दुसरी वाट पहिलीच्या ऐवजी होती आणि ती निवडणे म्हणजे पुढचे दार स्वतःच्या हाताने लावून घेणे होते.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने ‘नई तालीम’चा आराखडा केला. इथे कल्पना अगदी वेगळी होती. हस्तोद्योग हा वेगळा विषय न राहता सगळे शिक्षण त्याच्यातून द्यायचे. टकळीवर सूत कातताना गणित, कापसातून भूगोल. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या सरकारने हा प्रयोग हाती घेतला. पण शहरातल्या पालकांनी ‘मूलोद्योग’ ही खेड्यातल्या गरिबांच्या मुलांची सोय मानली आणि आपली मुले इंग्रजी हायस्कुलांतच ठेवली.

साताऱ्यात मात्र वेगळे घडत होते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेत ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर मुले शेतात, बांधकामावर राबत आणि त्याच वेळी हायस्कूलही शिकत. काम करणाऱ्या मुलासाठी अभ्यासाची पायरी खाली आणलेली नव्हती. माझ्या मते आपल्या परंपरेतला ‘सोबत’चा सर्वांत भक्कम दाखला हाच आहे.

स्वातंत्र्यानंतर मुदलियार आयोगाने १९५३च्या अहवालात बहुउद्देशीय शाळा सुचवल्या. त्यांतल्या सात गटांपैकी एक तांत्रिक होता. आपल्या राज्यात काही शाळांनी स्वतःची कार्यशाळा उभारली, तर काही गावांत अनेक शाळांना मिळून एक टेक्निकल केंद्र असे. आठवी ते दहावीची मुले आठवड्यातले ठरावीक तास तिथे जात. पुढे १९६४ ते ६६च्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ प्रत्येक विद्यार्थ्यासाठी हवा असे सांगितले. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूर जिल्ह्यातले, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत वाटा असलेले. आयोगाच्या डोळ्यांसमोर शेत आणि कारखाना होता. आपल्या वाट्याला कार्यानुभवाचा जो तास आला, त्यात आपण कागदी पाकिटे आणि शुभेच्छापत्रे केली. वहीत श्रेणी मिळाली आणि विषय संपला.

अकरावी-बारावीला महाराष्ट्राने दोन्ही प्रकार करून पाहिले. एक ‘किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम’, म्हणजे आपल्या तोंडचे एमसीव्हीसी. ही स्वतंत्र शाखा होती. तिच्यात भौतिक, रसायन आणि गणित हा संच नसल्याने अभियांत्रिकी पदवीचा सरळ रस्ता मिळत नसे. दुसरा द्विलक्ष्यी, म्हणजे बायफोकल. यात विज्ञान शाखेत राहूनच इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणकशास्त्रासारखा २०० गुणांचा विषय घेता येई. बायफोकलच्या जागांसाठी झुंबड असे. एमसीव्हीसीच्या मुलांना मात्र ‘कमी गुण पडले का?’ असे विचारले जाई. शिकवली जाणारी कामे दोन्हीकडे साधारण सारखीच होती. फरक होता तो ‘सोबत’ आणि ‘ऐवजी’ या दोन शब्दांचा.

१९८६च्या राष्ट्रीय धोरणाने उच्च माध्यमिकच्या १० टक्के विद्यार्थ्यांना १९९० पर्यंत आणि २५ टक्क्यांना १९९५ पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळवायचे ठरवले होते. १९९२ साली त्याच आकड्यांना पुढची मुदत द्यावी लागली, १९९५ आणि २०००. ‘वळवणे’ हा शब्दच मला बोलका वाटतो. ज्याला वळवायचे, त्याला आपल्या वाटेवरून बाजूला व्हावे लागते. कोण आईबाप त्याला राजी होतील?

आता आपला वर्ग. मार्च १९९६ला दहावी झालेल्या आमच्या तुकडीत टेक्निकल घेतलेल्या मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. आमच्या आधी बरीच वर्षे मुलींसाठी शिवण आणि मुलांसाठी कार्यशाळा असा रिवाज होता. आम्ही दुपारी गणित-विज्ञानाच्या तासाला सगळ्यांसोबत बसायचो आणि ठरलेल्या दिवशी सकाळी कार्यशाळेत. कानस, रंधा, पटाशी, ड्रॉइंग बोर्ड आणि टी-स्क्वेअर. जॉब उजेडासमोर धरून गुण्या लावायचा, फट दिसली की पुन्हा कानस. तिथे ‘साधारण बरोबर’ असे उत्तर नव्हते. पदविका प्रवेशात टेक्निकलच्या मुलांसाठी काही जागा राखीव असत, हेही अनेक घरांतल्या होकाराचे कारण होते आणि त्यात गैर काही नव्हते.

वायरिंगच्या फळीवर आम्ही जिन्याची जोडणी केली होती. एक दिवा, दोन टू-वे स्विच. खालचा दाबा किंवा वरचा, दिव्याची स्थिती बदलते. काही वर्षांनी अभियांत्रिकीला ‘एक्सक्लुझिव्ह ऑर’ची सारणी फळ्यावर आली, तेव्हा ती मला पाठ करावी लागली नाही. तो जिन्याचा दिवाच होता. आज मी सॉफ्टवेअर लिहिते. माझ्या कामात तासणी नाही, तारा नाहीत. पण चूक कुठे आहे हे तुकड्या-तुकड्याने तपासत जायची सवय मला त्या फळीवर लागली.

टेक्निकलमुळे आम्ही सगळे अभियंते झालो असे मी म्हणणार नाही. आमच्यातले कुणी बँकेत आहेत, कुणी शेती करतात, एकीने स्वतःचे फॅब्रिकेशनचे दुकान काढले. मुद्दा असा की त्या विषयाने कुणाचीच पुढची वाट अडवली नाही.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेला ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय राज्यातल्या अनेक शाळांत नेहमीच्या अभ्यासासोबत शिकवला गेला. आठवड्यातला एक दिवस आणि त्यात अभियांत्रिकी, ऊर्जा, शेती, घर-आरोग्य अशी सगळी कामे, मुलगा-मुलगी भेद न करता. २०२० च्या राष्ट्रीय धोरणातही सहावीपासून व्यवसायाची ओळख आणि दप्तराविना १० दिवस आहेत. म्हणजे धोरण पुन्हा ‘सोबत’कडे आले आहे. ते तिथे टिकेल की नाही, हे शाळाशाळांत ठरेल.

आपल्या निधीतून त्या जागी वातानुकूलित संगणक कक्ष करावा, अशी सूचना आली आहे. संगणकावरच माझे पोट चालते, म्हणून मला बोलायचा थोडा अधिकार आहे असे समजते. संगणक जरूर घ्या, पण कार्यशाळेच्या ऐवजी नको. लाकडी बाके अजून मजबूत आहेत, व्हाइसला तेलपाणी केले की ते चालतील. अर्ध्या खोलीत कानस आणि वायरिंगची फळी, अर्ध्यात संगणक आणि सेन्सर, आणि वेळापत्रकात आठवी-नववीच्या प्रत्येक तुकडीचा तास असावा, निवडक मुलांचाच नको. शनिवारी शिकवायला येऊ शकणाऱ्या माजी विद्यार्थ्यांच्या यादीत पहिले नाव माझे लिहा. मेळाव्याच्या सभेत मी हा ठराव मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे.