देवीचा वण आणि देहाची आठवण

ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेस सानपाड्यासारखी नवी नगरे वसली आहेत. तेथील साठी उलटलेल्या पुष्कळ माणसांच्या हातावर देवीच्या लशीचा वण अजून दिसतो. हा वण म्हणजे एक जुना लेखच होय, आणि त्याचा आरंभ खाडीपलीकडच्या मुंबईत सापडतो.

जेन्नरने इंग्लंडात 1796 साली लस टोचली खरी. पण हिंदुस्थानपर्यंतच्या लांबच्या प्रवासात ती वाटेतच निकामी होई. अखेर एकाच्या हातावरील फोडातला द्रव दुसऱ्याच्या हातावर टोचीत ती बगदाद-बसऱ्यावरून मुंबईस आली. 14 जून 1802 रोजी आना डस्टहॉल ह्या तीन वर्षांच्या मुलीस ती लागू पडली. पुढच्याच आठवड्यात तिच्या हातावरून आणखी पाच मुलांना टोचण्यात आले. एवढ्या मोठ्या देशाचे रक्षण त्या घटकेस एका पोरीच्या दंडावर अवलंबून होते!

एकदा देवी येऊन गेली की त्या माणसास ती पुन्हा सहसा येत नाही, हे शीतळादेवीस नवस बोलणाऱ्या आयाबायांनाही ठाऊक होते. कारण मात्र फार उशिरा उमगले. छातीतील थायमस ग्रंथीचे महत्त्व जॅक मिलर यांनी 1961 साली दाखविले. ह्या ग्रंथीत घडणाऱ्या टी-पेशींपैकी मोजक्याच पेशी एखादा विशिष्ट रोगविषाणू ओळखतात. तो शरीरात शिरताच त्या झपाट्याने वाढतात, आणि लढाई संपल्यावर बहुतेक मरून जातात. शंभरात पाच-दहा उरतात, त्याच स्मृतिपेशी. त्याही अमर नसतात. अधूनमधून विभागून त्या आपली ओळख पुढच्या पेशींच्या स्वाधीन करतात. देवीची लस घेतलेल्यांच्या रक्तातील अशा पेशी 8 ते 15 वर्षांत निम्म्या होतात, तरी कित्येक दशकांनंतरही त्या आढळतात, असे अमेरिकेतील 2003 च्या संशोधनात दिसून आले. लस हातावरून हातावर गेली, तशीच तिची आठवणही देहात पेशीकडून पेशीकडे जात राहते.

1975 नंतर भारतात देवीचा रोगी आढळला नाही. 1980 साली सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. मग टोचणेही थांबले. त्यानंतर जन्मलेल्यांच्या हातावर वण नाही आणि रक्तात ती आठवणही नाही. देहाची स्मृती मुलाबाळांना वारसा म्हणून देता येत नाही. म्हणूनच देवीचा इतिहास आता आपणच लिहून ठेवला पाहिजे. वणांचे ते लेख हळूहळू पुसले जात आहेत.